घड्याळाला किल्ली कोणी द्यायची

१ सप्टेंबर, सोमवार

एकशे अठरा पायऱ्या. चढताना दोनदा बसले, उतरताना तीनदा. उतरणं जास्त वाईट असतं, हे गुडघा गेल्याशिवाय कळत नाही.

वही आणलीच आहे तर सरळ लिहिते. गेली अकरा वर्षं दर सोमवारी सकाळी मी चौकातल्या मनोऱ्यावर चढते आणि पालिकेच्या घड्याळाला किल्ली देते. नोकरी माझी नाही. माझी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती, आणि तिथून मी सुपरवायझर म्हणून मानाने निवृत्त झाले. घड्याळाची नोकरी माझ्या धाकट्या भावाची आहे. त्याला सगळे बाळ म्हणतात. बाळाला आता एकोणसाठावं लागलं आहे.

तो पितो. हे दोन शब्द मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. तोंडाने सांगताना मी 'त्याला बरं नसतं' असं सांगते.

काम अवघड नाही. यंत्राला लोखंडी हँडल लावायचं आणि एकशे चाळीस फेरे मारायचे. दर फेऱ्याला तळाशी गेलेलं वजन तारेवरून वर सरकतं. एकदा माथ्यापर्यंत आलं की आठ दिवस हळूहळू उतरतं, तोवर घड्याळ चालतं. वजन पुरतं वर आलं हे कळावं म्हणून तारेवर पांढरा पट्टा होता म्हणे. माझ्या वेळेपर्यंत तो ग्रीसखाली गेला होता. मी फेरे मोजते. मोजण्यात मी कधी चुकत नाही. मग वहीत नोंद: तारीख, फेरे, वेळ बरोबर. नोंद बाळाच्या अक्षरात करते. त्याचा 'फ' डावीकडे झुकलेला असतो, तो मला आता माझ्या 'फ'पेक्षा चांगला जमतो.

आज निघताना बाळ दारात उभा होता. म्हणाला, "ताई, आज मी जातो."

"हात पुढे कर," मी म्हटलं.

केले. दोन्ही हात थरथरत होते.

"या हातांनी हँडल फिरवणार? खाली बस आणि चहा पी."

बसला. मी गेले. त्याच्या निवृत्तीला चौदा महिने आहेत. अजून साठ सोमवार.

४ सप्टेंबर, गुरुवार

गुडघ्याच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो दिव्यासमोर धरला आणि विचारलं, "तुम्ही काय मजुरी करता का?" जिने बंद म्हणाल्या. मी म्हटलं, अजून साठ सोमवार तरी चढायलाच हवं. त्यांनी एक चिठ्ठी लिहिली आणि मला शेजारच्या खोलीत पाठवलं. मला वाटलं मालिशवाली असेल. समुपदेशक निघाली. गोल चष्मा, वय जेमतेम तीस. माझ्या हाताखालच्या मुली हिच्यापेक्षा मोठ्या होत्या.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही त्यांना पाठीशी घालता."

"पाठीशी नाही घालत. त्याचं काम करते."

"आणि त्यांचं काम तुम्ही केलं की त्यांना काय उरतं?"

"पिणं," मी म्हटलं. ती हसली नाही.

तिचं म्हणणं असं की एका कागदावर रेघ मारायची. डावीकडे 'माझं', उजवीकडे 'त्याचं'. जे त्याचं आहे ते त्याला परत करायचं. नाही म्हणताना कारण द्यायचं नाही, आवाज चढवायचा नाही. मी तिला सांगितलं, हे मला शिकवू नकोस, कारण न देता नाही म्हणायचं काम मी तीस वर्षं केलं आहे. लाइन व्यस्त आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा.

"आणि तुम्ही किल्ली दिली नाहीत तर काय होईल?"

"घड्याळ बंद पडेल. पालिकेला तेच हवं आहे. ओव्हरसियर दोन वर्षं विजेचं घड्याळ बसवायला टपले आहेत. बाळाला घरी बसवतील."

"ते त्यांचं झालं. तुम्हाला काय होईल?"

मला काय होणार? प्रश्नच समजला नाही. पुढची बाई दारात उभी होती म्हणून उठले.

५ सप्टेंबर, शुक्रवार

यादी केली. 'त्याचं' खाली चौदा गोष्टी निघाल्या. घड्याळाला किल्ली. ऑफिसात आजारपणाचे फोन. दाढीचं पाणी तापवणं. त्याच्या बहाण्यांना माझी साक्ष. बुटांच्या नाड्यासुद्धा, गेल्या थंडीत दोन महिने मी बांधत होते. 'माझं' खाली पेन धरून बराच वेळ बसले. शेवटी 'गुडघा' लिहिलं.

चहाच्या वेळी त्याच्यासमोर कागद ठेवला. आवाज चढवला नाही.

"सोमवारपासून तू. मी मनोऱ्यावर जाणार नाही. ऑफिसातून फोन आला तर मी उचलणार नाही. पडलास तर पड."

त्याने कागद वाचला. परत वाचला. मला वाटलं आता रडेल, नाहीतर दार आपटून जाईल. पण त्याने विचारलं, "ही नाड्यांची गोष्ट लिहायलाच हवी होती का?"

"खरी आहे."

"खरी आहे," तो म्हणाला. आणि मग, "बरं झालं ताई. मीच बोलणार होतो."

बोलणार होता म्हणे! असं तो नेहमीच बोलणार असतो. मी मनोऱ्याची चावी त्याच्या हातात ठेवली. हात थरथरलाच.

८ सप्टेंबर, सोमवार

गेले नाही. सव्वासहाला जाग आली, कपडे घालून झाले, मग आठवलं. पुन्हा साधे कपडे घातले.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून घड्याळाची चौकाकडची तबकडी समोर दिसते. दिवसभरात चार वेळा बघितलं. जास्तही असेल.

बाळ सातला बाहेर पडला आणि थेट अकराला आला. शर्टावर काळे डाग, कोपर खरचटलेलं. कुठे पडला विचारलं नाही, कारण पडणं त्याच्या रकान्यात आहे. आयोडीनची बाटली फक्त टेबलावर ठेवली. बाटली ठेवणं यादीत नाही.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे वास घेतला. हा आमचा जुना रिवाज आहे. तो दारात येतो, मी समोर उभी राहते, तो 'हा' करतो. पूर्वी चेष्टेत व्हायचं. आज पेपरमिंटचा वास आला. पेपरमिंट माणूस कशासाठी खातो, हे मला सांगायला नको.

१० सप्टेंबर, बुधवार

घड्याळ चालू आहे.

गेल्या सोमवारची माझी किल्ली काल सकाळीच संपायला हवी होती. तारेला थोडा जास्तीचा जीव असतो म्हणून आज दुपारपर्यंत वाट पाहिली. चालूच. दोन वाजता दोन वाजले, तीनला तीन. काटा पुढे सरकताना बघून आनंद व्हायला हवा. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

विचार केला. मी पदवीला तर्कशास्त्र घेतलं होतं, फुकट नाही गेलं. घड्याळ चालतं आहे म्हणजे कोणीतरी किल्ली दिली आहे. बाळाच्याने एकशे अठरा पायऱ्या होणार नाहीत, हातांची अवस्था मी पाहिली आहे. म्हणजे त्याने दुसरं कोणीतरी गाठलं. माझ्या जागी.

मनोऱ्याच्या पायथ्याशी शिंपीणबाईंचं दुकान आहे. त्यांना बाळाचा पुळका आहे, हे मी आधीपासून बघते आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार

कोटाचं अस्तर उसवलं होतं. उसवलं नव्हतं, मी उसवलं. घेऊन गेले.

शिंपीणबाई मशीनवरून उठल्याच नाहीत. "या, सुपरवायझरबाई. सोमवारी दिसला नाहीत. मला वाटलं आजारी."

या एकट्या बाईला सगळं माहीत आहे. अकरा वर्षं मी तिच्या दारावरून वर जाते आणि ती मूग गिळून बसते.

मी सरळच विचारलं, "तुमचे गुडघे कसे आहेत?"

"का हो?"

"एकशे अठरा पायऱ्या झेपतात का?"

तिने सुई तोंडातून काढली आणि इतकी हसली की कात्री खाली पडली. "मी? अहो, मला दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना देव आठवतो."

"मग कोण चढतं?"

"त्यालाच विचारा की. एका घरात राहता."

"मी विचारणार नाही. ते त्याचं आहे."

"मग तुम्ही इथे कशाला आलात?"

"अस्तरासाठी," मी म्हटलं.

बाई लबाड आहे. पण चढत नाही, हे पटलं. मग कोण?

१४ सप्टेंबर, रविवार

त्याच्या कोटाच्या खिशात पेपरमिंटचे एकोणीस कागद. मी खिसे तपासत नव्हते, कोट झटकत होते.

मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहाला तो बाहेर जातो आणि साडेसातला परततो. अगदी ठरल्या वेळी. नवा अड्डा दिसतो. पूर्वी त्याच्या पिण्याला वेळेचं भान नव्हतं, आता वेळापत्रक आहे. हे जास्त गंभीर लक्षण आहे.

जेवतो मात्र भरपूर. दोनदा वाढून घेतो. गालावर तकाकी आली आहे, तीसुद्धा दारूची सूज असू शकते.

आज दारात 'हा' करायला त्याने नकार दिला.

"ताई, हे आता बंद करू या."

"का? लपवायचं काय आहे?"

"काही नाही. म्हणूनच."

"काही नाही तर कर की."

 त्याने वाकून 'हा' केलं, लहानपणी डॉक्टरांसमोर करायचा तसं. पेपरमिंट. मी म्हटलं, "हे झाकण आहे." तो हात धुवायला गेला.

चष्मेवालीने सांगितलं होतं की तुमची रेघ तुम्ही पाळा. मी पाळते आहे. यादीतली एकही गोष्ट केलेली नाही. तरी घरात वावरताना हातात काहीच नसल्यासारखं वाटतं. काल दोनदा फरशी पुसली.

भावजयीची आठवण आली. नऊ वर्षांपूर्वी घर सोडताना तिने शिव्या दिल्या नाहीत, भांडली नाही. बॅग उचलली आणि मला म्हणाली, "ताई, या घरात दोघांत तिसऱ्याला जागाच नाही." मला वाटलं दोघं म्हणजे बाळ आणि बाटली.

१८ सप्टेंबर, गुरुवार

चष्मेवालीकडे दुसऱ्यांदा. सगळं सांगितलं. तिने विचारलं, "तुम्ही त्यांना एकदाही विचारलं का, की किल्ली कोण देतं?"

"तो खोटं सांगेल."

"आणि खरं सांगितलं तर?"

"तर मला ते कळणार कसं?"

तिने चष्मा काढून पुसला. हल्लीच्या मुलींना उत्तर सुचलं नाही की त्या चष्मा पुसतात.

२२ सप्टेंबर, सोमवार

 आजचं आजच लिहिते, क्रमाने.

बाळ साडेसहाला बाहेर पडला. आठला मी भाजीला निघाले. बागेच्या कोपऱ्यावर तो बाकावर बसलेला दिसला. डोळे मिटलेले, डोकं मागे टेकलेलं, तोंड किंचित उघडं. सोमवारी सकाळी आठ वाजता. ज्या वेळी त्याने मनोऱ्यावर असायला हवं होतं, त्या वेळी हा बागेत.

मी थांबले नाही. मला पुढचं सगळं दिसलं: उद्या घड्याळ बंद, परवा ओव्हरसियर, तेरा महिन्यांवर आलेली निवृत्ती मातीत.

माझ्याकडे दुसरी चावी होती. ती परत करायची यादीत लिहायची राहून गेली होती.

चढले. चार ठिकाणी बसले. वर यंत्र चालू होतं. खोली झाडलेली होती, तेलाचा डबा फडताळात, हँडल दुसऱ्याच खुंटीला. आणि वही टेबलावर उघडी. त्यात आजची नोंद:

'२२ सप्टेंबर. १४० फेरे. सकाळी ७.१०. वेळ बरोबर.'

बघताक्षणी कळलं की नोंद खोटी आहे. आज न चढता, मागच्या सोमवारीच ही नोंद लिहवून मोकळा झाला होता. पिणं सुरू झालं तेव्हा पहिल्या वर्षी असंच करायचा, एकदाच चढून पुढच्या सोमवारांची वही भरून ठेवायचा, म्हणून तर मला यावं लागलं. शिवाय अक्षर बरोबर नव्हतं. 'फ' सरळ उभा होता. बाळाचा 'फ' कधी सरळ नसतो.

हँडल लावलं. पहिले तीन फेरे झाले आणि चौथ्याला अडलं. मला वाटलं, तीन आठवडे कोणीतरी कसंतरी फिरवलं आहे, तेल दिलेलं नाही. तेल घातलं. पाचवा फेरा अर्धा झाला. मी दोन्ही हात लावले, चांगला पाय खाली रोवला आणि अंगातलं होतं नव्हतं ते सगळं बळ लावलं. मनात मोजत होते. पाच. एकशे पस्तीस राहिले.

वर माथ्याशी काहीतरी कुरकुरलं. मग तार तुटली.

तो आवाज मी लिहू शकत नाही. वजन आतल्या पोकळीतून खाली गेलं. मधल्या मजल्याचा लाकडी पाट फोडून तळाच्या वाळूत रुतलं. मनोरा पायाखाली हलला. माझ्या डोळ्यांसमोर धूळ होती आणि हातात हँडल. मग शांतता. अकरा वर्षांत त्या खोलीत मी शांतता ऐकली नव्हती.

आठ वाजून बेचाळीस मिनिटं.

खाली आले तेव्हा शिंपीणबाई दुकानाबाहेर उभी होती. "अहो, तुम्ही वर कशाला गेलात? तो सकाळीच देऊन गेला ना किल्ली! जाताना माझ्याकडे चहा पिऊन गेला. बागेत जरा बसतो म्हणाला, चढून छाती भरते म्हणे."

मी तिला म्हटलं, "कोणाला लागलं का?"

"नाही."

"मग बरं," मी म्हटलं आणि घरी आले. भाजी आणायची राहिली.

२३ सप्टेंबर, मंगळवार

बाळ काल दुपारी घरी आला. त्याला चौकात कळलं होतं. शिंपीणबाईने सांगितलंच असणार. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"ताई, वहीत नोंद होती."

"होती."

"वाचलीस?"

"वाचली."

"मग?"

मी सांगितलं. 'फ'चं सांगितलं. त्याने तोंडावरून हात फिरवला.

"माझा 'फ' सरळच आहे. दारू सोडल्यापासून हात सरळ चालतो. तू काढतेस तो 'फ' पिणाऱ्याचा आहे."

मला एकच गोष्ट सुचली. "कधी सोडलीस?"

"सोळा ऑगस्टला."

मी वही उघडून माझी तारीख बघितली. त्याला यादी दिली ती पाच सप्टेंबरला.

"आणि हात थरथरत होते ते?"

"सोडल्यावर थरथरतात, ताई. त्यासाठीच तर मंगळवारी-शुक्रवारी जातो. तिथे सगळ्यांचे थरथरतात."

"मला सांगायचं."

"पहिल्या सोमवारी सांगायला उभा होतो. तू हात पुढे करायला सांगितलंस."

२५ सप्टेंबर, गुरुवार

चौकशी. ओव्हरसियरसाहेबांच्या केबिनमध्ये मी आणि बाळ. मी ठरवून गेले होते. उभं राहूनच बोलले, चार वाक्यांत: सोमवारी याने किल्ली दिली होती. नोंद खरी होती. मी नंतर वर गेले आणि जास्तीची किल्ली दिली. तार माझ्यामुळे तुटली.

साहेबांनी माझं बोलणं संपू दिलं. मग त्यांचे डोळे चक्क भरून आले. "ताई, बसा. अहो, किती कराल याच्यासाठी? तुमचे फोन मी स्वतः घेतले आहेत. आज ताप, उद्या पोटदुखी. दर वेळी मी लिहून घेत होतो आणि मनात म्हणत होतो, अशी बहीण सगळ्यांना मिळो."

"ते फोन खोटे होते. हे खरं आहे."

"हो हो," ते म्हणाले.

"साहेब, मी वर गेले होते!"

"या गुडघ्याने?"

बाळ म्हणाला, "साहेब, ताई खरं बोलते आहे."

"तू गप्प बस," साहेब म्हणाले. "त्या म्हाताऱ्या बाईला पुढे करतोस, लाज नाही वाटत? नशेत किती फेरे मारलेस तेवढं सांग."

मी शिंपीणबाईला साक्षीला आणते म्हटलं. साहेब हसले. "तिचं दुकान पालिकेच्या जागेत आहे. तिला कशाला अडचणीत आणता?"

बाहेर व्हरांड्यात बाकावर बसलो. बाळाने खिशातून पेपरमिंट काढलं, एक मला दिलं. मी ते खाल्लं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळभर विचार केला. पुरावा आहे माझ्याकडे. वहीत अकरा वर्षांची माझी अक्षरं आहेत. पाचशे सत्तरच्या वर नोंदी. साहेबांसमोर बसून मी डावा झुकलेला 'फ' काढून दाखवू शकते, एका मिनिटाचं काम. मग त्यांना मानावं लागेल की मी वर जात होते, सोमवारीही गेले होते, आणि सरळ 'फ' बाळाचा आहे.

पण मग त्यांना हेही मानावं लागेल की या माणसाने अकरा वर्षं काम केलं नाही.

एक सोमवार खरा ठरवायचा तर बाकी सगळे खोटे ठरवावे लागतात. बाकी सगळे खोटेच आहेत. तर्कशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात यातून बाहेर येण्याची वाट मला आठवली नाही.

बाळाला सांगितलं. तो नाड्या बांधत होता, संध्याकाळचं जायचं होतं. म्हणाला, "मी कालच केला हा विचार. सोडून दे, ताई."

"मी सोडू कशी? मी केलं आहे."

"मग तुझ्या रकान्यात लिही," तो म्हणाला. टोमणा नव्हता. सुचलं ते बोलला. "एकेचाळीस दिवस झाले आज," असंही म्हणाला. मी अभिनंदन म्हणायला हवं होतं. दार लागल्यावर आठवलं.

३० सप्टेंबर, मंगळवार

निकाल. सक्तीची निवृत्ती, उद्यापासून. वयाचा मान राखून पुढची कारवाई नाही. मनोऱ्याला कुलूप, विजेच्या तबकड्या बसवायचं काम मंजूर. पत्रात एक ओळ आहे: 'भगिनींच्या विनंतीचा सहानुभूतीने विचार करण्यात आला.' मी विनंती केली नव्हती. कबुली दिली होती.

दुसरी चावी ऑफिसात जमा केली. कारकुनाने ती न बघताच खणात टाकली.

४ ऑक्टोबर, शनिवार

बाळ उद्या जाणार. त्या मंगळवार-शुक्रवारच्या बैठकीत एक सुतार आहे. त्याच्या कारखान्यावर माडीची खोली रिकामी आहे. खाली पॉलिशचं काम द्यायला तयार आहे. इथून वीस मिनिटं चालत.

मी म्हटलं, "माझ्यावर राग धरून जाऊ नकोस."

"राग नाही. राग असता तर राहिलो असतो."

"मग का?"

त्याने बॅगेत शर्ट घातला, काढला, नीट घडी केली, परत घातला. मी घडी करून देणार होते. हात मागे बांधून उभी राहिले.

"ताई, तू नोंद वाचलीस आणि तरी हँडल लावलंस. मी वर उभा राहून सांगितलं असतं की आत्ताच दिली आहे, तरी तू लावलं असतंस. हो की नाही?"

मी खोटं बोलले नाही. "हो."

"बास. तेवढ्यासाठी."

"आणि प्यायलास तर? तिथे कोण बघणार?"

"कोणी नाही बघणार," तो म्हणाला.

मग त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. मध्ये रेघ. दोन रकाने. सरळ उभं, जरा मुलासारखं अक्षर. माझं आणि ताईचं. त्याच्या रकान्यात: तो दर रविवारी दहाला येणार, अकराला जाणार. मी सुताराकडे चौकशी करायची नाही. डबा पाठवायचा नाही. खिसे झटकायचे नाहीत. ('झटकायचे' त्यानेच लिहिलं आहे.) वास घ्यायचा नाही. ताईच्या रकान्यात वर फक्त एक शब्द होता, 'गुडघा'. बाकी जागा कोरी.

"तुझं तू भर," तो म्हणाला.

८ ऑक्टोबर, बुधवार

चष्मेवालीला सांगितलं. ती म्हणाली, हे चांगलं झालं. तिने आपल्या वहीत काहीतरी लिहिलं, बहुतेक 'प्रगती'. मी विचारलं, "चांगलं झालं तर मग माझ्याच्याने सकाळी उठवत का नाही?" तिने चष्मा पुसला नाही. माझा हात धरला. मला ते आवडलं नाही, पण हात काढून घेतला नाही.

सव्वासहाला जाग येतेच. रकाना कोराच आहे. काल 'अस्तर' लिहिलं. मग खोडलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

आठला तयार होऊन बसले. खिडकीतल्या घड्याळात आठ बेचाळीस, काल होते तेच. मनगटावरचं घड्याळ बघत राहिले. नऊ. साडेनऊ. चहाचं पाणी दोनदा आटलं.

दहाला तीन मिनिटं कमी असताना जिन्यावर पावलं वाजली. मी मोजली. मधल्या वळणावर थांबली. दम घ्यायला थांबला की तोल सावरायला, ते या बाजूने कळत नाही. मग पुन्हा सुरू झाली.

बेल वाजली. दार उघडलं. बाळ समोर उभा होता. दाढी केलेली, बोटांना पॉलिशचे तांबूस डाग. डोळे जरा लाल होते. पॉलिशच्या वाफेने होतात. जागरणानेही होतात.

"आत येऊ?" त्याने विचारलं. या घरात त्याने असं कधी विचारलं नव्हतं.

सवयीने तो दारात थांबला. सवयीने मीही समोर उभी राहिले. आमच्यामध्ये हातभर अंतर होतं. त्याचं तोंड उघडलं, बहुतेक काही बोलायला.

मी श्वास रोखून धरला. बाजूला झाले आणि त्याला आत जाऊ दिलं. तो माझ्या अगदी जवळून गेला, बाही बाहीला लागली. तो खुर्चीपर्यंत पोचेपर्यंत रोखून धरलेला होता. मोजत होते. एकोणीस.

त्या एकोणीसच्या पुढे अजून एक तास होता.